शाळेचे वन आणि सुटीतील पाण्याची पाळी

नवेगाव बांधच्या परिसरात वनाची वाण नाही. मग शाळेच्या आवारात आणखी वन कशास, असा प्रश्न आमचे काही वाचक करतील. त्यास उत्तर असे की, येथील जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले व २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. अशा रक्षित वनात मुलांस मोकळेपणी हिंडता येत नाही. ऐन कोणता व बिजा कोणता हे शेतकऱ्याच्या मुलास ओळखता यावयाचे, तर ती झाडे शाळेपाशीच हवीत.

जागा व निवड. ५ गुंठे जागा पुरेशी आहे. साडेसहा फुटांवर खड्डे घेतल्यास तीत सुमारे १२५ रोपे बसतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांच्या दाट पद्धतीने चौरस मीटरला ३ रोपे धरली, तर तेवढ्याच जागेस १५०० लागतील व पाण्याचा भारही त्या मानाने वाढेल. लहान गावाच्या शाळेने विरळ पद्धत धरावी, हे बरे. जमीन बरडी असल्यास पळस, धावडा व आवळा. खोल मातीत मोह, बिजा, बेहडा. सखल ओलसर कोपऱ्यात अर्जुन, जांभूळ व करंज लावावे. केवळ साग लावून त्यास वन म्हणू नये. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. ते पडताच ताजे पेरावे.

खड्डे व राखण. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत व पाऊस नीट लागल्यावर रोपे लावावीत. पावसाळा सरताच बुंध्याभोवती तणस पसरावे. परंतु बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण हवेच. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पालापाचोळा पेटवितात; यास्तव फेब्रुवारीतच सभोवती १० फुटांचा पट्टा झाडून ठेवावा.

खरी अडचण. रोपे लावण्याच्या दिवशी उत्साहास तोटा नसतो. परंतु मेच्या आरंभापासून शाळा पुन्हा उघडेपर्यंत सुमारे ८ आठवडे मुले घरी असतात आणि ऊन तर त्याच दिवसांत सर्वांत कडक. शाळेची रोपे मरतात ती बहुधा याच सुटीत. प्रत्येक रोपास आठवड्यातून दोनदा ५ लिटर पाणी धरल्यास १२५ रोपांस आठवड्यास १२५० लिटर, म्हणजे सुटीभरात १०,००० लिटर लागते. एकट्या शिपायाकडून हे होणे नाही. तेच १० घरांनी वाटून घेतले, तर दर घरास आठवड्यास १२५ लिटर, म्हणजे १५ लिटरांच्या घागरीने आठनऊ खेपा येतात. हे कोणास जड आहे?

म्हणून आमची सूचना अशी की, रोपे आणण्यापूर्वीच पालकांची सभा भरवून सुटीतील पाळ्या नावानिशी लिहून घ्याव्यात. किमान पहिले दोन उन्हाळे हा नेम मोडू नये. १० घरे मिळत नसतील, तर मिळतील तेवढ्यांच्या बेताने रोपे कमी लावावीत. १२५ लावून वाळविण्यापेक्षा ४० जगविलेली बरी.

अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी येथे बांध घातला. तो बांधला गेला, तसाच पुढील पिढ्यांनी राखला, म्हणून आजही त्यात पाणी आहे. त्याच पाण्याच्या काठी राहणाऱ्यांस आठवड्याच्या नऊ घागरी जड वाटू नयेत.