फासे कधी टाकायचे

श्रीपूर, ता. माळशिरस

चि. सई,

पत्र मिळालं. पुलावरच्या दरोडेखोरांचं प्रकरण वाचून हसू आलं, कारण डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, होऊन बसणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतोच. एकजण सरदाराशी जकातीची घासाघीस करतोय आणि मधेच तुमचा तिरंदाज म्हणतो, "मी बाण सोडतो!" तू तो बाण लागू दिलास, सरदार कोसळला, आणि मग सगळ्यांना इनिशिएटिव्हचे फासे टाकायला सांगितलंस. बाकीचे चिडले. ते उगाच चिडले असं तुला वाटतं. मला वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

"सोडतो" म्हणणं आणि बाण सुटणं यांत वेळ जातो. हात भात्याकडे जाणार, बाण दोरीला लागणार, दोरी ताणली जाणार. समोर दरोडे घालून पोट भरणारा माणूस उभा आहे, त्याला हे दिसत नाही होय? एवढ्याशा वेळात आधी कोण हलला, हेच तर इनिशिएटिव्ह सांगतं. म्हणून तिरंदाजाचं वाक्य पुरं झालं की बाण भात्यात असतानाच सगळ्यांनी फासे टाकायचे, त्यानेही. त्याचा आकडा सगळ्यांत खाली आला तर हात भात्याकडे गेलेला सगळ्यांनी पाहिला असं समज. त्याची पाळी येईपर्यंत सरदाराने तलवार खाली टाकली असेल किंवा तुमच्यातलाच कुणी मधे आला असेल. तेव्हा बाण सोडायचा की नाही, हे त्याला नव्याने ठरवू दे.

यामागे नियमापेक्षा मोठं कारण आहे. आमच्या कारखान्याच्या कॉलनीतली पोरं रविवारी खेळायला जमतात, तेव्हा मी हे नेहमी पाहतो. ज्याचा आवाज मोठा, तो आधी बोलतो. पण आधी बोलणारा खेळाडू आणि आधी हलणारं पात्र ही दोन वेगळी माणसं आहेत. एखादी मुलगी गप्प बसून ऐकत असते. तिचं पात्र टेबलावर सगळ्यांत चपळ असतं, पण ती वाक्य जुळवेपर्यंत शेजारचा दोनदा ओरडून मोकळा होतो. पहिला वार फुकट द्यायला लागलीस की पोरं तेवढंच शिकतात. दोन-तीन रविवारांत कुणी कुणाशी बोलेनासं होतं, दार उघडलं की सगळे एकदम "मी मारतो!" फासा अशा गप्प पोरांची बाजू घेतो, म्हणून त्याला आधी बोलाव.

दबा धरून केलेला हल्ला निराळा. तिथे समोरच्याला खरंच पत्ता नसतो. 2014 च्या नियमांत बेसावध माणसाची पहिली पाळी वाया जायची. 2024 च्या पुस्तकात त्याला इनिशिएटिव्हसाठी दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. दोन्हीकडे फासे वाराच्या आधीच पडतात, हे लक्षात घे. आणि समोरासमोर उभं राहून बोलणारा माणूस त्या अर्थाने बेसावध नसतो.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण तुला पाठ आहे, फक्त तू ते या नजरेने वाचलेलं नाहीस. बखरींच्या म्हणण्याप्रमाणे अफझलखान तुळजापूर-पंढरपूर करत वाईकडे गेला, म्हणजे आपल्याच बाजूने. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाच्या पायथ्याचा शामियाना. शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत, हातात वाघनख. खानापाशी कट्यार. बाहेर महाराजांचा जिवा महाला, खानाचा सय्यद बंडा. पण अजून लढाई नाही! तयारी कितीही असो, ती लढाई नव्हे. खानाने आलिंगनात मान दाबली तेव्हा तुझे फासे पडायला हवेत. कट्यार चिलखतावर घासली, ती त्यानंतर. दोघंही संशय घेऊनच आले होते, त्यामुळे शामियान्यात बेसावध कुणीच नव्हतं. खाली पार गावाजवळच्या छावणीतलं खानाचं सैन्य मात्र पुरतं बेसावध होतं. गडावरून इशारतीची तोफ झाली आणि जावळीच्या रानातून मावळे तुटून पडले. एकाच दिवशी दोन लढाया, दोन वेगळ्या क्षणी सुरू झालेल्या, आणि दोन्हींना वेगळा नियम लागतो.

आणि त्या भेटीवरचं भांडण बघ. पहिला हात कुणाचा? बखरकार सभासद म्हणतो खानाचा. ग्रँट डफने 1826 च्या इतिहासात दगा महाराजांच्या माथी मारला. जदुनाथ सरकारांनी साधनं तपासून पुन्हा खानाकडेच बोट दाखवलं. तुझ्या टेबलावर असा वाद रंगला तर दोष डीएमचा. फासे मागण्याआधी काय दिसलं ते स्वच्छ सांग: कुणाचा हात, कुठे, कुणाच्या नजरेसमोर. मग बखरकारांची गरज उरणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण तू उत्साहाच्या भरात लढाई फार लवकर सुरू करशील अशी मला भीती आहे. नकाशा पसरलास, सोंगट्या मांडल्यास, की बोलणं संपलं. तू तोंडाने काहीही म्हण. महाभारताच्या भीष्मपर्वात दोन्ही सैन्यं उभी, शंख फुंकून झालेले, आणि युधिष्ठिर चिलखत उतरवून पायी पलीकडे निघतो, भीष्म-द्रोणांचा आशीर्वाद घ्यायला. भाऊ घाबरतात, कौरवांना वाटतं हा भ्याला. परतताना तो हाक देतो, आमच्याकडे यायचं त्याने यावं, आणि धृतराष्ट्राचा मुलगा युयुत्सू बाजू बदलतो. शंखाबरोबरच फासे टाकले असते तर युयुत्सू गेला असता हातचा. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी काढलेल्या मूळ खेळात राक्षस भेटला की दोन फासे टाकून आधी त्याचा कल पाहायचे: मारायला उठलाय, की बोलायला तयार आहे. ती पद्धत मला फार आवडते. वापरून बघ.

यात्रेतल्या कुस्तीत सलामी झाली, हात भिडले, की कुस्ती लागली. मग खडाखडी कितीही चालो. त्याआधी पैलवान मैदानाला फेरी मारोत नाहीतर शड्डू ठोकोत, पंच मधे पडत नाही. तसं बस.

नेमका क्षण कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. प्रशियात राइसविट्झने 1824 मध्ये लष्करासाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला, त्यात नियम उदंड होते. 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआने ते बाजूला सारून बरंचसं पंचाच्या अनुभवावर सोडलं. तू त्याच पंचाच्या खुर्चीत बसली आहेस.

पुढच्या रविवारी मेलेला सरदार मेलेलाच राहू दे, झालेलं उलटवू नकोस. पण बोलणी चालू असताना बाण मारणारी टोळी ही, अशी बातमी नदीकाठच्या गावांत पोचलेली असू दे. नावाडी त्यांना होडीत घेताना धनुष्य आधी काढून मागेल. तिरंदाज काय करतो ते मला कळव.

ताईला नमस्कार सांग. दिवाळीला येशील तेव्हा तुझे फासे घेऊन ये, इथल्या पोरांनी आमचे दोन हरवलेत.

तुझा
मामा