शाळा व्यवस्थापन समित्या आणि स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य

सार्वजनिक शाळांच्या कारभारात स्थानिक नागरिकांना स्थान असावे, हा विचार भारतात नवा नाही. प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी स्थानिक मंडळांकडे सोपवावी, अशी शिफारस १८८२ च्या हंटर आयोगाने केली होती. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शाळांचा कारभार स्थानिक संस्था व त्यांच्या शाळा मंडळांकडे आला; १९४७ च्या अधिनियमाने या मंडळांचे अधिकार नव्याने आखून दिले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या अखत्यारीत गेल्या. या दीर्घ प्रवासात अधिकाराचे केंद्र कधी जिल्ह्याकडे, कधी राज्याकडे सरकत राहिले. ज्यांची मुले प्रत्यक्ष त्या शाळेत शिकतात, त्या पालकांना मात्र वैधानिक स्थान फार उशिरा मिळाले.

घटनात्मक व वैधानिक चौकट

७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) संविधानात समाविष्ट झालेल्या अकराव्या अनुसूचीतील सतराव्या नोंदीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय पंचायतींकडे सोपवता येण्याजोगा मानला आहे. ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) अनुच्छेद २१ अ द्वारे सहा ते चौदा वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्यास अनुसरून संमत झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या अधिनियमाचे कलम २१ परीक्षार्थींनी बारकाईने वाचण्याजोगे आहे. विनाअनुदानित शाळा वगळता अन्य शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे त्यान्वये बंधनकारक आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, तर निम्म्या सदस्य महिला असाव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, अशी तरतूद आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही समितीची प्रमुख कार्ये होत. कलम २२ नुसार हा आराखडाच शासनाच्या योजनांचा व अनुदानांचा आधार ठरावा, असे अपेक्षित आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत दरमहा किमान एक बैठक, दर दोन वर्षांनी समितीची पुनर्रचना, पालकांमधून अध्यक्षाची निवड आणि मुख्याध्यापक हे पदसिद्ध सदस्य-निमंत्रक, अशी रचना सुचवली आहे. राज्यांच्या नियमांत तपशिलाचे फरक आढळतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याकांनी स्थापन केलेल्या शाळांत या समितीचे स्वरूप केवळ सल्लागार राहिले आहे.

कागदावर हे अधिकार लहान नाहीत. अडचण अशी की, शेतमजुरी करणाऱ्या, क्वचित स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या पालकांनी तीन वर्षांचा आराखडा कसा मांडावा, रोकडवही कशी तपासावी आणि मुख्याध्यापकांना प्रश्न कसा विचारावा, हे अधिनियम सांगत नाही. या पोकळीत स्वयंसेवी संस्थांचे कार्य सुरू होते. तथापि केवळ माहिती पुरवल्याने समिती सक्रिय होते का, या प्रश्नाचे उत्तर अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे मिळाले आहे.

जौनपूरचा अनुभव

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये एक प्रयोग झाला. शिक्षण हक्क अधिनियमापूर्वीचा हा काळ. त्या वेळी गावपातळीवर ग्राम शिक्षण समित्या होत्या. ग्रामप्रधान, शाळेचे मुख्याध्यापक आणि तीन पालक अशी त्यांची घडण असे. प्रयोग राबवणारी संस्था होती ‘प्रथम’. १९९० च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या झोपडवस्त्यांतील बालवाड्यांपासून सुरू झालेली ही संस्था एव्हाना अनेक राज्यांत पोहोचली होती. मूल्यमापन अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, रेचेल ग्लेनर्स्टर व स्तुती खेमानी या अभ्यासकांनी केले. (यांपैकी अभिजित बॅनर्जी व दुफ्लो हे मायकल क्रेमर यांच्यासह २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.)

प्रारंभीची पाहणीच बोलकी होती. गावात अशी समिती आहे, याची दहापैकी नऊंहून अधिक कुटुंबांना कल्पना नव्हती. समितीच्या नोंदवलेल्या सदस्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला तर आपण सदस्य आहोत, हेच ठाऊक नव्हते. एकूण २८० गावांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. पहिल्या गटातील गावांत वस्तीवस्तीवर चर्चा, नंतर गावसभा आणि सदस्यांना त्यांच्या अधिकारांची लेखी माहिती देण्यात आली. दुसऱ्या गटात याखेरीज ग्रामस्थांना मुलांची वाचनक्षमता तपासण्याचे साधे साधन शिकवले गेले. मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, परिच्छेद वा गोष्ट वाचते का, हे त्यावरून काही मिनिटांत कळते. त्याआधारे गावाचे प्रगतिपत्रक तयार झाले. तिसऱ्या गटात या दोहोंबरोबर गावातील इच्छुक तरुणांना शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवण्याचे अल्पकालीन प्रशिक्षण मिळाले. उर्वरित गावांत कोणताही उपक्रम राबवला नाही.

सभांना गर्दी झाली, चर्चाही रंगल्या. पण वर्षअखेरीच्या पाहणीत पहिल्या दोन गटांत पालकांचा सहभाग, समितीचे कामकाज, शिक्षकांची उपस्थिती वा मुलांचे वाचन यांत दखल घेण्याजोगा बदल दिसला नाही. तिसऱ्या गटातील ६५ पैकी ५५ गावांत मात्र वाचनवर्ग उभे राहिले. चारशेहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे साडेसात हजार मुलांना शिकवले. सुरुवातीस काहीच वाचू न शकणारी जी मुले या वर्गांना आली, ती अक्षरे ओळखू लागण्याची शक्यता उपक्रम नसलेल्या गावांतील तशाच मुलांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होती.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना घाई करू नये. यशस्वी ठरलेला उपक्रम समितीमार्फत झालाच नव्हता. तो समितीला वळसा घालून झाला. वर्गांना आलेली मुलेही गावातील एकूण मुलांच्या मानाने थोडीच होती. शाळेत काय चालते, ते तिसऱ्या गटातही फारसे बदलले नाही. माहिती मिळालेल्या ग्रामस्थाला ‘आता मी नेमके काय करू’ याचे उत्तर हवे असते. वाचनवर्गाने ते उत्तर दिले. समितीच्या अधिकारांच्या पत्रकाने दिले नाही. शिक्षकाविरुद्ध ठराव करणे, वरिष्ठांकडे पाठपुरावा करणे ही कामे एकट्यादुकट्या पालकाला जड जातात. त्यात शेजारधर्म व जातीचे ताणही असतात, आणि मुलाचे रोजचे शिक्षण त्याच शिक्षकाच्या हाती असते.

समित्यांचे संघटन

एकाकीपणावर दुसरा उपाय कर्नाटकात योजला गेला. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षणविषयक कृतिगटाच्या शिफारशींनंतर तेथे २००१ मध्ये शासकीय आदेशाने शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन झाल्या. पुढे या समित्यांचे ‘समन्वय वेदिके’ म्हणजे समन्वय मंच उभे राहिले. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधील बालक व कायदा केंद्राचे त्यास साहाय्य होते. येथे बाहेरून आलेल्या संस्थेने समितीचे काम स्वतः केले नाही. समित्या परस्परांशी जोडल्या जाव्यात, यास हातभार लावला. एका गावच्या समितीचे पत्र तालुका कार्यालयात पडून राहू शकते. तालुक्यातील अनेक समित्यांची एकमुखी मागणी दुर्लक्षित ठेवणे कठीण जाते.

या तर्काला परदेशातील एका अभ्यासाचाही आधार मिळतो. इंडोनेशियात जावा बेटावरील पाचशेहून अधिक शाळांत शाळा समित्यांना बळ देण्याचे चार उपाय तपासले गेले: अनुदान, प्रशिक्षण, निवडणूक आणि ग्रामपरिषदेशी संलग्नता. केवळ अनुदान वा प्रशिक्षण यांचा मुलांच्या शिक्षणावर फारसा परिणाम झाला नाही. ग्रामपरिषदेशी जोडणीचा, विशेषतः तिला निवडणुकीची जोड मिळाली तेथे, परिणाम दिसून आला. भारतातील समित्यांत स्थानिक प्राधिकरणाचे निर्वाचित सदस्य असतात, ही तरतूद या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्यक्षात ग्रामसभेपुढे शाळा विकास आराखडा मांडला जातो का, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावात विचारावा लागतो.

साहाय्याचे स्वरूप आणि मर्यादा

व्यवहारात संस्थांचे उपयुक्त साहाय्य अगदी साध्या कामांत असते. पालकांना मजुरी बुडवावी लागणार नाही अशा वेळी बैठक ठेवणे, इतिवृत्त लोकांना कळेल अशा भाषेत लिहिणे व मोठ्याने वाचून दाखवणे, अनुदानाची रक्कम व खर्च शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवणे, आराखड्यातील ‘स्वच्छतागृह दुरुस्ती’ या ओळीमागे अंदाजपत्रक जोडणे, ही त्यांतील काही. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार बालकाच्या हक्कासंबंधी लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, अशी तरतूद आहे. हा अर्ज कसा लिहावा, एवढे शिकवणेही मोलाचे ठरते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. संस्थांचा निधी प्रकल्पाच्या मुदतीपुरता असतो. कंपनी अधिनियम, २०१३ मधील सामाजिक उत्तरदायित्वाच्या तरतुदीमुळे शिक्षणक्षेत्राकडे येणारा निधी वाढला, पण देणगीदाराला मोजता येणारे फलित लवकर हवे असते. समिती सक्षम होण्यास मात्र वेळ लागतो. त्यामुळे संस्थेचा कार्यकर्ताच आराखडा लिहितो आणि सदस्य सह्या करतात, असे घडू शकते. अहवालात ती समिती ‘सक्रिय’ ठरते.

समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होत असल्याने प्रशिक्षित सदस्य बाहेर पडतात आणि नवे पालक येतात. प्रशिक्षणाची जबाबदारी केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्या नियमित कामात समाविष्ट नसेल, तर संस्था निघून गेल्यानंतरच्या पहिल्याच पुनर्रचनेत नव्या सदस्यांना रोकडवही उघडून दाखवणारे कोणी उरत नाही.