शेतांत घालण्यापूर्वीं गाळाची पारख

पुण्याच्या मार्केट यार्डांत पहाटे पालेभाजीच्या गाड्या लागतात, आणि शंभर जुड्यांचा भाव ठरतो तो पान हिरवें व टवटवीत आहे कीं नाहीं एवढ्यावर. ती मेथी विहिरीच्या पाण्यावर वाढली कीं शहराच्या सांडपाण्यावर, शेतांत शेणखत पडलें होतें कीं नदींतला गाळ, हें जुडीकडे पाहून आडत्यास सांगतां येत नाहीं व गिऱ्हाइकासही नाहीं. तें बागाइतदारानेंच जाणलें पाहिजे.

गाळ हें आपलें जुनें खत होय. सन २०१७ मध्यें सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली तीही याच समजुतीवर. डोंगरावरून वाहून तळ्यांत बसलेली माती हलक्या जमिनीस उपकारकच आहे. तिच्याविरुद्ध आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. आमचें म्हणणें शहरांच्या व कारखान्यांच्या खालच्या अंगास बसलेल्या गाळापुरतें आहे. त्यांत शिसें, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल असे जड धातू सांचतात.

हे धातू पाण्यांत फार वेळ विरघळून राहत नाहींत. चिकणमातीचे बारीक कण, कुजलेला सेंद्रिय अंश आणि लोहाचीं पुटें यांस ते चिकटतात व कणांबरोबर तळाशीं बसतात. म्हणून वरचें पाणी नितळ असलें तरी तळ दूषित असूं शकतो. समुद्रकांठीं ही गोष्ट अधिक ठळक दिसते. नदीचें गोडें पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यास मिळालें म्हणजे गढूळ पाण्यांतील कण एकमेकांस धरून झपाट्यानें खालीं बसतात, आणि नदीनें वाटेंत घेतलेलें सर्व कांहीं खाडींत सांचतें. कल्याणच्या बाजूनें वाहणारी उल्हास नदी हें आपल्या प्रांतांतील उदाहरण. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत तिच्या खाडीच्या गाळांत पारा नैसर्गिक प्रमाणाहून पुष्कळ अधिक आढळला. असा पारा गाळांतील जिवाणूंमुळें मिथिल-पाऱ्याचें रूप घेतो व मासळींत सांठत जातो. जपानांत मिनामाता येथें १९५६ सालीं जो रोग उघडकीस आला, त्याचें मूळ मासळींत सांठलेला मिथिल-पाराच होता.

खाडी शेतापासून दूर आहे असें घाटावरील वाचकानें समजूं नये. त्याच जपानांत जिंझू नदीच्या वरच्या अंगास जस्ताच्या खाणी होत्या. तेथील कॅडमियम गाळाबरोबर पाटाच्या पाण्यानें भातखाचरांत उतरलें, भातांत गेलें, आणि वर्षानुवर्षें तो भात खाणाऱ्यांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, मूत्रपिंडें बिघडून हाडें ठिसूळ झालीं. सरकारनें हें १९६८ सालीं मान्य केलें. खाचरांची माती सुधारण्याचें काम मात्र तीस वर्षांहून अधिक चाललें व २०१२ सालीं पुरें झालें. धातू कुजत नाहीं व उडून जात नाहीं, याची ती किंमत होती.

आतां आपल्या नदीकडे वळूं. पिंपरी-चिंचवडवरून आलेली पवना मुळेस मिळते. पुढें मुळा-मुठा पुण्याचें सांडपाणी घेऊन हवेली व दौंड तालुक्यांतून जाते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. वाटेंतील बंधाऱ्यांत पाणी संथ होतें व गाळ बसतो. हा गाळ काळाभोर, मऊ व वासानें खतासारखा असतो. मोह पडतो तो येथेंच. तळाशीं हवा नसल्यामुळें कित्येक धातू गंधकाशीं संयोग पावून बद्ध असतात. तोच गाळ शेतांत पसरला कीं त्यास हवा लागते, तो संयोग मोडतो आणि धातू मुळांच्या आवांक्यांत येतात.

प्रमाणाचाही विचार करावा. शहरी कंपोस्ट खतांत किलोमागें ५ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालतें, असा सरकारी नियम आहे. एकरीं ५ टन असें खत घातलें तर फार तर २५ ग्रॅम कॅडमियम पडेल. परंतु तीन इंच गाळ म्हणजे एकरीं सुमारें ३५० टन. त्यांत तेंच प्रमाण धरलें तर पावणेदोन किलो होतें, म्हणजे सत्तरपट! खताचा नियम गाळास लावून निर्धास्त होणें बरोबर नाहीं.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी कॅडमियम बरेंच धरून ठेवतात. कोंकणांतील आम्ल जमिनी तितकें धरीत नाहींत. पाणी खारट असेल तर धरलेलेंही सुटतें. पालक, मेथी, चुका यांच्या पानांत कॅडमियम अधिक चढतें, फळभाजींत त्या मानानें कमी. शिसें बहुधा धुळीबरोबर पानावर बसतें. तें धुण्यानें कमी होतें, आंत गेलेलें कॅडमियम मात्र धुऊन निघत नाहीं. ज्यांनीं असा गाळ पूर्वींच घातला आहे, त्यांनीं त्या तुकड्यांत पालेभाजी न करतां फुलें किंवा कापूस घ्यावा.

मृद् आरोग्य पत्रिकेच्या नेहमींच्या तपासणींत जस्त, तांबें, लोह पाहतात. शिसें व कॅडमियम त्यांत येत नाहीं, तें वेगळें मागून घ्यावें लागतें. गाळ उचलण्यापूर्वीं पात्राच्या पांच-सहा जागांहून, वरचा थर व हातभर खालचा थर निरनिराळा काढून नमुने घ्यावेत. लोखंडी फावड्याऐवजीं लांकडी पट्टी वापरावी, आणि नमुना सावलींत वाळवून स्वच्छ पिशवींत भरावा. अहवाल हातीं येईपर्यंत गाडी जुंपूं नये.