आकडे कोणत्या साधनाने पाहावेत?
जव्हार-मोखाड्यातील बालपोषणाच्या नोंदी

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी 1992-93 मध्ये सबंध महाराष्ट्राचे लक्ष वेधून घेतले. जव्हार व मोखाडा हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ते नव्या पालघर जिल्ह्यात आले. त्या काळी अंगणवाडीतील नोंदी वह्यांत होत असत. 2021 पासून त्या ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइलवरील प्रणालीत भरल्या जातात. साधन बदलले, परंतु त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे आधी ठरविणे पूर्वीइतकेच अगत्याचे आहे.

प्रश्न निराळा तसे माप निराळे. वयाच्या मानाने वजन पाहिल्यास ते कमी आहे एवढेच कळते; बालक खुजे आहे की अलीकडे रोडावले आहे, हे कळत नाही. त्यासाठी उंची हवी. दोन वर्षांखालील बालकाची लांबी निजवून व त्यावरील बालकाची उंची उभे करून मोजावी लागते. घरोघर फिरून तातडीने निवड करावयाची असल्यास दंडाचा घेर मोजणारी पट्टी उपयोगी पडते. 6 ते 59 महिने वयाच्या बालकाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते. या पट्टीला ना वीज लागते, ना नेटवर्क. डोंगरातील पाड्यांवर हा गुण लहान नव्हे.

मोजमापानंतर विश्लेषण येते, आणि खरी अडचण येथेच आहे. दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर कामास जातात. समजा, एका अंगणवाडीत ऑक्टोबरमध्ये 60 बालकांचे वजन झाले व त्यांतील 6 तीव्र कमी वजनाची निघाली. प्रमाण 10 टक्के. जानेवारीत 40 बालकांचे वजन झाले व अशी 2 निघाली. प्रमाण 5 टक्के. तक्ता पाहणाऱ्यास कुपोषण निम्म्यावर आल्याचा भास होईल. प्रत्यक्षात उरलेली 4 बालके आईवडिलांबरोबर भट्टीवर गेलेली असू शकतात. संगणकाने भागाकार अचूकच केला. वजन न झालेली 20 बालके दाखविण्यास मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून प्रणाली निवडताना तिचे रंगीत आलेख पाहण्याआधी तिच्यात रिकामा रकाना कसा राहतो ते तपासावे. ‘वजन झाले नाही’ आणि ‘वजन शून्य’ यांत ती फरक करते काय? नेटवर्क नसताना भरलेली नोंद टिकते काय? गावाखाली पाडा नोंदविता येतो काय? एकाच महसुली गावाचे पाडे परस्परांपासून दूर असल्याने गावाची सरासरी येथे फारशी कामाची नाही.

पंचायत समितीच्या पातळीवर याकरिता महागडी प्रणाली लागतेच असे नाही. ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ हा विनामूल्य तक्ता पुरेसा आहे. पाडे नकाशावर पाहावयाचे असल्यास ‘क्यूजीआयएस’ही विनामूल्य मिळते. तक्त्यात प्रत्येक बालकास एक कायम क्रमांक, एक ओळ आणि दरमहा एक रकाना द्यावा. गैरहजर बालकापुढे कारण व स्थलांतराचे ठिकाण लिहावे. शाळेतील शिक्षकांना भावंडांच्या गैरहजेरीवरून कोणते कुटुंब गेले याचा सुगावा आधी लागतो, त्यांची हजेरीही या कामी जोडता येते. तसे ठिकाण लिहिलेले असले, तर भट्टीजवळच्या अंगणवाडीस त्या 4 बालकांची नावे कळविता येतात आणि त्यांचे जानेवारीतील वजन तेथेच घेता येते.