भूमापन अभियांत्रिकी : महाविद्यालयाची निवड

बँकेकडे तारण म्हणून येणाऱ्या प्रत्येक जमिनीचा भरवसा अखेर मोजणीच्या नकाशावर उभा असतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरमालकांना मालमत्तापत्रके मिळू लागली. कर्ज काढताना ती उपयोगी पडावीत, हा त्यामागील एक हेतू. असे असूनही भूमापन हा पदवीचा विषय असू शकतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

दिल्ली परिसरात ही पदवी ‘भूमापन’ या नावाने शोधल्यास निराशाच पदरी पडण्याचा संभव आहे. तिचे आजचे नाव जिओइन्फर्मॅटिक्स. नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाफरपूर येथील पश्चिम संकुलात या शाखेची बी.टेक. पदवी आहे. प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर, दिल्लीच्या संयुक्त समुपदेशनातून होतो. येथे एक बाब कुटुंबाने अकरावीपूर्वीच ध्यानात घ्यावी. पंच्याऐंशी टक्के जागा दिल्लीतील शाळेतून बारावी झालेल्यांसाठी असतात. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम राजधानी क्षेत्रात येतात खरे, परंतु तेथील शाळेचा विद्यार्थी या हिशेबात दिल्लीबाहेरचा ठरतो. केवळ घरभाडे कमी म्हणून यमुनेपलीकडे बिऱ्हाड हलविणाऱ्यांना हे उशिरा कळते. दुसरी वाट स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे रुरकीच्या आयआयटीत जिओमॅटिक्सचे एम.टेक. करण्याची, ती लांबची असली तरी नोकरीच्या दृष्टीने अधिक ऐसपैस आहे.

महाविद्यालय पाहावयास गेल्यावर इमारतीपेक्षा उपकरणांची खोली आधी पाहावी. टोटल स्टेशन किती, एका यंत्रामागे विद्यार्थी किती, यंत्रांची तपासणी शेवटची केव्हा झाली, हे विचारावे. कपाटात धूळ खाणारी यंत्रे माहितीपत्रकात मात्र चकचकीत दिसतात! शक्य झाल्यास वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची क्षेत्रवही पाहावी. जेथून मोजणी सुरू केली त्याच बिंदूवर परत आल्यावर थोडी तफावत उरतेच. ती किती उरली आणि सर्व बिंदूंवर कशी वाटून दिली, याची आकडेमोड वहीत असेल तर शिक्षण मैदानावर झाले असे समजावे. संगणकाच्या पडद्यावर नकाशे रंगविणे तेवढेच शिकविले जात असेल, तर शाखेचे नाव काहीही असो, विद्यार्थी मोजणीदार होणार नाही.

सर्वेक्षण शिबिराचे दिवस व खर्चही विचारून घ्यावेत. शैक्षणिक कर्जात शुल्काबरोबर पुस्तके, उपकरणे व अभ्याससहली यांचाही समावेश होऊ शकतो. म्हणून शिबिराची रक्कम महाविद्यालयाच्या खर्चपत्रकात लिहून घेऊनच शाखेत अर्ज द्यावा.