चुन्याची निवळी आणि हुमायूनची कबर

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही केलाच असेल. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे न विरघळणारे कण तयार होतात. जुन्या इमारतींचा गिलावा याच क्रियेने घट्ट होत असे!

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू आणि विटांची पूड मिसळून घाणीत मळतात. भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घेत तो पुन्हा चुनखडीसारखा होतो.

मग डागडुजीला झटपट घट्ट होणारे सिमेंट का नको? चुन्याच्या गिलाव्यातील सूक्ष्म छिद्रांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटचा थर तिला अडवतो. मग ती शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते. पाणी उडून जाते. क्षार मात्र मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढले की दगडाचे पापुद्रे सुटतात. यालाच आपण ‘लोणा लागला’ म्हणतो. दुरुस्तीच इमारतीला अशी बाधते!

दिल्लीला सोळाव्या शतकात बांधलेल्या हुमायूनच्या कबरीवर विसाव्या शतकात काँक्रीटचे थर चढले होते. २०१३ साली पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धारात एकट्या छतावरून सुमारे १० लाख किलो काँक्रीट कामगारांनी हातांनी काढले आणि पुन्हा चुना वापरला.

पण चुन्याचे काम जाणणारे हात हवेत ना? म्हणून गवंडी, पाथरवट यांना तेथे काम मिळाले. रंगीत कौले घडवण्याची लुप्त झालेली कला उझबेकिस्तानच्या कारागिरांकडून शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतील तरुण शिकले. त्याच योजनेत वस्तीतील शाळा, दवाखाना व सुमारे ७०० वर्षांची पायऱ्यांची विहीरही सुधारली. वास्तू जपायची ती भोवतालच्या माणसांसह, हा या कामाचा नवा विचार. २०२१ साली युनेस्कोने त्याचा पुरस्कार देऊन गौरव केला.

आता एक निरीक्षण करा. गावातील जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या भिंतीवर सिमेंटचे ठिगळ शोधा. त्याच्या कडेला पांढरे क्षार दिसतात का? हात न लावता चित्र काढा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पाहा. काय बदलले, ते गुरुजींना सांगा.