‘नवीन’ किती दिवस नवीन?

विभागाच्या वेबपानावर परिपत्रकाशेजारी लुकलुकणारं ते लाल-पिवळं ‘न्यू’ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. परिपत्रक तीन वर्षांपूर्वीचं, ती परीक्षा दिलेली मुलं नोकरीला लागलेली, आणि हे आपलं लुकलुकतंच आहे. आमच्या विभागाचं पान माझ्या गळ्यात पडलं तेव्हा अशी अकरा मोजली होती.

तेव्हा पान सजवायला बसण्याआधी थोडी झाडलोट करा. मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग वायफाय बंद करून पान मोबाइलवर उघडा. वेळापत्रक शोधणारा विद्यार्थी ते असंच उघडणार आहे. सरकत्या पट्टीतल्या सूचना असतील तर त्या साध्या यादीत आणा. अशी पट्टी पळवणारा मार्की टॅग एचटीएमएल ५ने केव्हाच मोडीत काढलाय, शिवाय पळत्या दुव्यावर बोट टेकवणं म्हणजे डास मारण्यासारखंच. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२०ला काढून घेतला, म्हणून त्यातलं जुनं बॅनर उरलं असेल तर तेही काढा.

आता चित्रं. फोनने काढलेला फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबींचा असतो. बरेच जण तोच चढवतात आणि कोडमध्ये रुंदी कमी करतात. फोटो लहान दिसतो खरा, पण उतरवून घ्यावा लागतो अख्खा. त्याऐवजी जिम्पमध्ये ‘स्केल इमेज’ने रुंदी १२०० करा (साखळीचं चिन्ह जोडलेलं असलं की उंची आपोआप बदलते) आणि जेपीईजी म्हणून एक्स्पोर्ट करताना क्वालिटी ७५ ते ८० ठेवा. फाइल बहुतेक वेळा काहीशे केबींत बसते. विद्यापीठाचं बोधचिन्ह मात्र जेपीईजीत नको, कडांभोवती मळकट ठिपके येतात. एसव्हीजी मिळाली तर उत्तम, नाहीतर पीएनजी.

फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. विंडोज मोठ्या-लहान अक्षरांत फरक करत नाही, लिनक्सवरचा सर्व्हर करतो. ‘माझ्या मशीनवर तर दिसत होतं!’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही लिहा. नाही लिहिली तर फोटो उतरला की खालचा मजकूर धाडकन सरकतो, आणि ‘वेळापत्रक’वर टेकवलेलं बोट ‘निविदा’ उघडतं. ‘ऑल्ट’मध्ये ‘फोटो १’ नको. ‘ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एमए भाग एकचे विद्यार्थी’ असं लिहा, कारण दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवणार. सही-शिक्क्याचा स्कॅनच लावा, असा आग्रह कार्यालय धरेल. लावा, पण खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. नुसत्या स्कॅनमधला शब्द पानावर शोधून सापडत नाही.

अभ्यासक्रमाची लांबलचक यादी मिटवून ठेवायला स्क्रिप्ट लागत नाही. ‘डिटेल्स’ टॅगमध्ये यादी, आणि त्याच टॅगच्या आत तिच्या वर ‘समरी’ टॅगमध्ये ‘सत्र पहिले’ हे शीर्षक. दाबलं की उघडतं. तुमची प्रणाली स्क्रिप्ट चालू देत नसेल तर इथेच थांबा. तेवढ्यानेही पान बरंच सुटसुटीत होतं.

स्क्रिप्टची मुभा असेल तर त्या ‘न्यू’चा बंदोबस्त करता येतो. सगळी लुकलुकती चित्रं काढून टाका. प्रत्येक सूचनेच्या ‘एलआय’ टॅगला ‘डेटा-डेट’ हा गुणधर्म देऊन त्यात तारीख लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे छोट्या आडव्या रेघा, आकडे इंग्रजी. देवनागरी आकडे घातलेत तर स्क्रिप्ट तक्रारही करत नाही, नुसती गप्प बसते. माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

पानाच्या शेवटी, बॉडी टॅग बंद होण्याआधी, जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा ठेवा. त्याने अशा सगळ्या ओळी गोळा करायच्या, आजच्या तारखेतून त्या ओळीची तारीख वजा करायची आणि उत्तराला ८,६४,००,००० ने भागायचं, कारण उत्तर मिलिसेकंदांत येतं आणि एका दिवसात ती तेवढी असतात. भागाकार शून्य ते १५च्या मधे असेल तरच ओळीपुढे ‘नवीन’ हा शब्द जोडायचा. रंग ठळक, लुकलुक नाही. शब्द आधीच लिहून ठेवून स्क्रिप्टने पुसायचा, असं उलटं करू नका. स्क्रिप्ट अडली तर सूचना जागेवर राहावी, फक्त बिल्ला गळावा.

चाचणीसाठी एका सूचनेला मुद्दाम गेल्या वर्षीची तारीख घाला. ‘नवीन’ गेलं पाहिजे. नंतर खरी तारीख परत घाला. मी विसरलो होतो, आणि परीक्षा शुल्काची ताजी सूचना दोन दिवस बिनबिल्ल्याची पडून होती.